कातळावर जायचं तर आधी तिथी बघा: ओहोटीतला समुद्र पाहण्यासाठी नवख्यांना चार गोष्टी

कोकणात सुट्टीला जाणारी बहुतेक माणसं समुद्र चुकीच्या वेळी बघतात. सकाळी नाश्ता, मग आवराआवर, दुपारचं जेवण, थोडी झोप आणि पाच वाजता किनारा. त्या वेळी भरती असेल तर समोर नुसतं पाणी. लाटा बघायच्या, फोटो काढायचे, भेळ खायची, परत. पाण्याखाली काय होतं ते कळतच नाही.

मीही वीसेक वर्षं हेच करत होतो. आमचं गाव गुहागरच्या बाजूला. एकदा मे महिन्यात संध्याकाळी कातळाकडे निघालो, तर शेजारच्या काकी अंगणातूनच म्हणाल्या, "आत्ता काय बघणार तिकडं? आज तीज. सकाळी आठाला सुकती होती, तेव्हा यायचं होतंस." त्या स्वतः तेव्हाच जाऊन कालवं घेऊन आल्या होत्या. सुकती म्हणजे ओहोटी. कॅलेंडरवरची तिथी वाचून त्यांना समुद्र कुठे असेल ते कळत होतं आणि माझ्या हातात स्मार्टफोन असून मला कळत नव्हतं.

म्हणून सुरुवात तिथून.

वेळ कशी काढायची

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीकडे पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक.

हा हिशेब ढोबळ आहे. गावागणिक पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो. पण तो चालतो याचं कारण साधं आहे: एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. पाऊणपटीने ती रोज ४५ मिनिटं सरकते. पंधरा दिवसांत फार चूक साठायच्या आत अमावास्या किंवा पौर्णिमा येते आणि मोजणी नव्याने सुरू होते.

आता दुसरी गोष्ट, जी नवख्यांना कोणी सांगत नाही. प्रत्येक ओहोटी सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही, उतरतही नाही. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची वाटते, पण जाऊन उपयोग नाही. खालचा कातळ उघडाच पडत नाही.

मग बरा दिवस कुठला? पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला, म्हणजे अंधारात. द्वितीया-तृतीयेला मात्र उधाण अजून ओसरलेलं नसतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. ऊन कोवळं, पाणी लांब. माझ्या मते नवख्याने बीज किंवा तीज सोडून दुसरा दिवस धरूच नये. चतुर्थीही चालते. गणपतीपुळ्याला संकष्टीला सकाळी दर्शन आटोपून बाहेर आलात, तर नऊच्या सुमारास समुद्र मागे सरकलेला दिसेल. रांगेतल्या कोणाचंही तिकडे लक्ष नसतं.

तिथीवरून दिवस ठरवा, पण निघण्याआधी मोबाईलवर त्या जागेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक जरूर बघा. त्यात वेळेसोबत मीटरमध्ये उंचीही असते. मुंबईच्या बाजूला ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर दिवस चांगला. दक्षिणेकडे जाल तसा चढ-उताराचा फरक कमी होत जातो. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, गोव्यात ते दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास राहतं. म्हणून मालवणला किंवा गोव्यात हणजुण्याच्या खडकांवर मुंबईइतका रुंद पट्टा उघडा पडेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

काय घालायचं, काय न्यायचं

जुने बूट. चप्पल नको, शेवाळावर घसरते आणि अंगठा तुटतो. अनवाणी तर अजिबात नको. कालवांच्या शिंपल्यांची कड ब्लेडसारखी असते, पाय कापला की आठवडाभर भरत नाही. टोपी, पाणी, एक जुना टॉवेल. छत्री नेलीत तर उत्तम, का ते पुढे सांगतो. बादली आणि जाळं घरी ठेवा.

वरून खाली उतरा

कातळावर पोचलात की धावत पाण्याच्या कडेला जाऊ नका. अर्धी गंमत वरच संपते. खडकाळ किनारा जिन्यासारखा असतो. प्रत्येक पायरीवर वेगळी वस्ती, आणि कोण कुठे राहणार ते उन्हात किती वेळ तग धरता येतो यावर ठरतं.

सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे पाणी क्वचितच पोचतं आणि फक्त तुषार उडतात, तिथल्या भेगांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे शंख दाटीने बसलेले दिसतील. ते मेलेले नाहीत. दार लावून, आतला ओलावा सांभाळत भरतीची वाट बघत आहेत.

त्याखाली पांढरे, खरखरीत, छोट्या ज्वालामुखीसारखे सुळके. बुटाखाली करकरतात ते हेच. याला बार्नेकल म्हणतात. दिसायला शिंपल्याच्या जातीचं, पण आहे कोळंबी-खेकड्यांचं भावंड. पिल्लू असताना ते पाण्यात मोकळं पोहतं, मग एकदाच जागा निवडतं, डोकं खडकाला चिकटवतं आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न ओढून खातं. ओहोटीला सुळक्याचं झाकण बंद असतं. पण एखादा पाण्याने भरलेल्या खळग्यात असेल तर जवळून बघा. पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी चाळतात, आत जातात, पुन्हा बाहेर.

मग कालवांचा पट्टा. गावातल्या बायका इथेच बसून टोकदार लोखंडी हत्याराने वरचं कवच उडवतात आणि आतलं मांस काढतात. त्यांच्या मध्ये जाऊन उभे राहू नका. त्यांच्याकडे दोन-अडीच तास असतात आणि त्यात दिवसाचं काम उरकायचं असतं. एका बाजूला बसून विचारलंत तर मात्र भरभरून सांगतात. मला निम्मी माहिती तिथेच मिळाली.

एका डबक्याजवळ बसा

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ओहोटीला कातळातल्या खळग्यांमध्ये पाणी अडकून राहतं. लोक अशी वीस डबकी वीस मिनिटांत बघतात आणि म्हणतात, काहीच नव्हतं. तुम्ही एकच निवडा. फार मोठं नको, घरातल्या परातीएवढं पुरे. तळ वाळूचा नको, दगडांचा हवा आणि बाजूला थोडं शेवाळ. सूर्याकडे तोंड करून बसा, म्हणजे सावली मागे पडते. डबक्यावर सावली पडली की आतले सगळे प्राणी, पक्षी आला असं समजून, लपतात. आता पाण्यावर चकाकी येईल, काही दिसणार नाही. छत्री थोडी पुढे तिरकी धरलीत की चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. छत्रीचीही सावली पडते, पण ती हलली नाही की दोन मिनिटांत त्यांना तिची सवय होते.

मग दहा मिनिटं काही करू नका.

पहिली दोन मिनिटं खरंच काही दिसत नाही. दगड, थोडी हिरवट मखमल, एक रिकामा शंख. मग तो रिकामा शंख चालायला लागतो. आत संन्यासी खेकडा आहे. याचं मागचं अंग मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घेऊन फिरतो. वाढला की मोठा शंख शोधतो. मी एकदा एकाला नवीन घर तपासताना पाहिलं आहे: आधी नांगी आत घालून चाचपलं, शंख उलटासुलटा फिरवला, पुन्हा चाचपलं, आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत जुन्यातून नव्यात. क्षणभर त्याचं गुलाबी, वाकडं शेपूट उघडं दिसलं. नव्यात जाऊन दोन पावलं चालला, थांबला आणि परत जुन्यात गेला. भाड्याची खोली बघायला गेलेला माणूस असाच वागतो.

तोवर तळाशी आणखी हालचाल सुरू झालेली असते. बोटाएवढे मातकट मासे, जे आतापर्यंत दगडच वाटत होते, एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारल्यासारखे जातात. काठचा जेलीसारखा काळपट गोळा उघडून फुलासारखा होतो. हे समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन. फूल नाही, प्राणी आहे. पाकळ्यांवर सूक्ष्म डंख असतात, त्यांनी लहान भक्ष्य सुन्न करून मधल्या तोंडात ढकलतो. पाण्याबाहेर राहिला तर पाकळ्या मिटून गोळा होतो. लोक त्याच्यावर पाय देऊन जातात ते याच रूपात.

नशीब असेल तर नखाएवढी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय दिसेल. काही इतक्या भडक रंगाच्या असतात की कोणी तरी रंगपेटीतून काढून ठेवल्यासारख्या वाटतात. ती सापडली नाही तरी दगडाच्या कडेला रिबिनीची गुंडाळी चिकटलेली दिसते का बघा. ती तिची अंडी.

एखादा छोटा दगड उचलून खाली बघायला हरकत नाही, पण हळू, आणि जसा होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायचा. खालची बाजू ओली, सावलीची. तिथे जे राहतात ते उन्हात अर्ध्या तासात मरतात. उलटा टाकलेला दगड म्हणजे छप्पर उडवलेली चाळ.

पुळणीवरही थांबा

कातळ नसेल, नुसती वाळू असेल तरी निराश होऊ नका. ओहोटीला ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या एका भोकापासून किरणांसारखी पसरलेली. हे मटाराएवढ्या खेकड्यांचं काम. खेकडा वरची वाळू खरवडून तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. दूर स्वस्थ उभे राहिलात तर गोळ्या टाकताना दिसतो. एक पाऊल हललं की सगळा किनारा एकदम रिकामा.

वाळूतल्या शिंपल्याला टोकाशी गोल, कडा तासलेलं भोक दिसलं तर ते मुलांनी माळ करायला पाडलेलं नाही. एक मांसाहारी गोगलगाय शिंपल्याला मिठी मारून, जिभेने आणि आम्लाने कवच पोखरून आतला प्राणी खाते. तिचीच अंडी वाळूच्या कॉलरसारखी दिसतात, शर्टाची गळपट्टी काढून टाकावी तशी. बऱ्याच जणांना तो रबराचा कचरा वाटतो आणि ते उचलून बाजूला फेकतात. आत हजारो अंडी असतात.

मुंबईकरांना यासाठी कोकणात जायची गरज नाही. हाजी अली, कार्टर रोडचे खडक, गिरगाव चौपाटीची चिखलवाळू इथेही हे सगळं आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवून आणतो. पहिल्या वेळी अशा कोणाबरोबर गेलात तर नजर लवकर तयार होते. शहराच्या गटाराच्या पाण्यातही प्रवाळ जगतात. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी त्यातले काही उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्याकडे प्रवाळ आहेत हे पहिल्यांदा कळलं.

परत कधी फिरायचं

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास उतरा, पाण्याच्या मागोमाग खाली जा आणि ओहोटीची वेळ झाल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. भरती समोरून येते असं वाटतं. ती मागून येते. कातळातल्या घळी आधी भरतात आणि तुम्ही उभे असता तो उंच खडक बेट होतो. मी असाच एकदा फोटोच्या नादात अडकलो. मागची घळ जाताना कोरडी होती, येताना कमरेएवढं पाणी. मी निघालो, फोन गेला. काकींनी फोन गेल्याचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घड्याळ नव्हतं का?"

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग कातळावरून जातो, तिथे लाटेने माणसं ओढली गेली आहेत. भरतीला तिकडे पाऊल टाकू नका. पावसाळ्यात कुठल्याच कातळावर नको.

आता चावणाऱ्यांबद्दल. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका, त्याला विषारी बाण असतो. उथळ गढूळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. तळाशी पाकट (चपटा मासा) असेल तर सरकून जातो. पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला गेलेल्या अनेकांनी तो अनुभव घेतला. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे पडतात, ते ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे प्राणी. मेलेल्याचे धागेही डसतात. डसलं तर चोळू नका, वाळू-लिंबू लावू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

आणि घरी काही आणू नका. रिकामे शंखसुद्धा. ते कोणाची तरी पुढची खोली आहे, हे वर आलंच. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्री घोडे यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे 'सापडलं म्हणून उचललं' हे चालत नाही.

कासवांचे दिवस

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जमलं तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते ओळखलं जायचं, आता कासवांचं म्हणून. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्या हाती लागू नयेत म्हणून कुंपणाच्या आत हलवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. रोज सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात. पिल्लं असतील तर दोरीच्या पलीकडून बघायचं, फ्लॅश नाही, आवाज नाही. नसतील तर नाहीत. एक दिवसाची सहल काढलीत तर हात हलवत यायची शक्यता बरीच, म्हणून गावात घरगुती राहण्याची सोय आहे तिथे दोन रात्री तरी राहा.

तळहातावर मावेल एवढं काळं पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकलं जातं आणि चौथ्यांदा आत जातं. पुढे कुठे जातं हे अलीकडे थोडं कळायला लागलं आहे. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा हे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले धडे, तिच्या दृष्टीने एकच वाट.

वही

शेवटची पायरी सगळ्यात सोपी आणि लोक तीच गाळतात. बघितलेलं त्याच दिवशी लिहा. तारखेसोबत तिथी, ओहोटीची वेळ, जागा, आणि नाव माहीत नसेल तर वर्णन. फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाका, जाणकार लोक ओळख पटवायला मदत करतात. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "मार्गशीर्ष वद्य द्वितीया. सुकती साडेसात. मधल्या खळग्यात, समुद्रफुलाशेजारी, पिवळं, लवंगेएवढं, हळू सरकतं, मागे तुरा." फोटो हलला आहे, त्यामुळे कोणी ओळखू शकलं नाही. त्यानंतर त्या खळग्याशी सात द्वितीया बसून झाल्या आहेत. आठवी येत्या शनिवारी आहे.